जोडी सापडत नाही तेव्हा: बहुपदीचे अवयव पाडण्याबद्दल एक लांबलचक उत्तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘६क्ष² + ७क्ष − २० अशा उदाहरणात गुणाकार −१२० आणि बेरीज ७ येईल अशी जोडी शोधायची असते. मी अंदाजाने जोड्या लिहीत बसते, पाच-सात मिनिटं जातात, आणि शेवटी पुस्तकातलं मागचं उत्तर बघून उलटं मांडते. ज्यांना पटकन येतं त्यांना असं काय दिसतं? इतक्या सूत्रांतलं कुठलं कधी लावायचं? आणि अवयव पडतच नाहीत, असं खात्रीने कधी म्हणायचं?’

मागचं उत्तर बघून उलटं मांडतेस, हे प्रामाणिकपणे लिहिलंस ते बरं केलंस. त्यात एक चांगली गोष्ट दडलेली आहे. उलटं मांडणं हाच या धड्याचा पाया आहे, फक्त तू ते चोरून करतेस. उघडपणे कर. उत्तर घे, (३क्ष − ४)(२क्ष + ५), आणि कंस सोडव. पण झरझर नको, कुठली संख्या कुठून आली ते बघत सोडव.

६ आला ३ आणि २ च्या गुणाकारातून. −२० आला −४ आणि ५ मधून. मधलं पद मात्र दोन तुकड्यांचं आहे: ३ × ५ म्हणजे १५, आणि −४ × २ म्हणजे −८. १५ आणि −८ मिळून ७ झाले आणि तुकडे दिसेनासे झाले. अवयव पाडायचे म्हणजे हे दोन तुकडे परत वेगळे करायचे.

आता त्या तुकड्यांचा गुणाकार कर. १५ × (−८) म्हणजे (३ × ५) × (−४ × २). यात चार संख्या आहेत: ३, ५, −४, २. त्याच चार संख्या वेगळ्या जोड्यांत बसव: (३ × २) × (−४ × ५), म्हणजे ६ × (−२०), म्हणजे −१२०. पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकाचा गुणाकार का करायचा, याचं सगळं रहस्य एवढंच. मला स्वतःला शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं. ‘पहिला गुणिले शेवटचा’ हा मंत्र म्हणून पाठ केला होता, आणि तो का चालतो हे शिकवायला लागल्यावर, एका मुलाने वर्गात विचारल्यावर, फळ्यासमोर उभं राहून कळलं. त्या दिवशी तास संपला तरी आम्ही दोघं तिथेच होतो.

ज्यांना पटकन येतं त्यांना वेगळं काही दिसत नाही. त्यांनी गुणाकार इतके केलेले असतात की तुकडे ओळखीचे झालेले असतात. ५६ म्हटल्यावर सात-आठ आठवतात तसं. तेव्हा पहिला सल्ला: आठवडाभर अवयव पाडूच नकोस. स्वतः कंस लिहायचे, सोडवायचे, मधलं पद एकत्र करण्याआधी दोन तुकडे शेजारी लिहून ठेवायचे. मैत्रिणीला मधलं पद एकत्र केलेली त्रिपदी द्यायची आणि तिची आपण घ्यायची. उदाहरण तयार करणाऱ्याला जे कळतं ते सोडवणाऱ्याला उशिरा कळतं.

आता जोडीकडे येऊ. तू अंदाजाने शोधतेस, पण शोधायची जागा तू समजतेस तेवढी मोठी नाही.

चिन्ह आधी बघायचं. गुणाकार −१२० ऋण आहे, म्हणजे एक संख्या धन, एक ऋण. बेरीज +७ आहे, म्हणजे मोठी ती धन. चिन्हांचा प्रश्न मिटला. आता १२० च्या अवयवांच्या अशा जोडीची गरज आहे जिच्यातला फरक ७ आहे. १२० च्या एकूण जोड्या आठ. यातल्या निम्म्या एका नजरेत बाद होतात. ७ विषम आहे, म्हणून जोडीतली एक संख्या सम आणि एक विषम हवी. १२० मध्ये ८ × १५ आहे. म्हणजे सगळे दोन एकाच बाजूला जायला हवेत, ते वाटून घेता येणार नाहीत. मग विषम संख्या फक्त १, ३, ५ किंवा १५ असू शकते, आणि जोड्या राहिल्या चारच: १ आणि १२०, ३ आणि ४०, ५ आणि २४, १५ आणि ८. शेवटची. १५ आणि −८.

फरक लहान असेल तर मधून सुरुवात करायची, वर्गमुळाच्या आसपासून; १२० चं वर्गमूळ ११ च्या जरा खाली आहे, म्हणून १० आणि १२ पासून बाहेर सरकायचं. फरक मोठा असेल तर १ आणि १२० च्या टोकाकडून आत यायचं. बहुतेक मुलं नेहमी १ पासून सुरू करतात आणि पुस्तकातली जोडी नेमकी मधे कुठेतरी बसलेली असते, म्हणून पाच-सात मिनिटं जातात.

जोडी मिळाली की मधलं पद फोडायचं:

६क्ष² + १५क्ष − ८क्ष − २०
= ३क्ष(२क्ष + ५) − ४(२क्ष + ५)
= (२क्ष + ५)(३क्ष − ४)

दुसऱ्या ओळीत थांब. सगळ्यात जास्त वह्यांमध्ये लाल शाई लागते ती इथे. −८क्ष − २० मधून −४ बाहेर काढला की आत +५ उरतो. मुलं −४(२क्ष − ५) लिहितात, मग दोन कंस जुळत नाहीत, आणि ‘जोडीच चुकली’ असं समजून सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात. जोडी बरोबर असेल तर कंस जुळतातच. −८क्ष आधी लिहिलंस आणि १५क्ष नंतर, तरी जुळतात. करून बघ, २क्ष(३क्ष − ४) + ५(३क्ष − ४) येईल. म्हणून कंस जुळले नाहीत तर आधी चिन्ह तपासायचं, मग जोडी.

एवढं करूनही जोडी मिळत नसेल तर ती शोधायची नाही, काढायची. दोन संख्यांची बेरीज ७ आहे, म्हणजे त्यांची सरासरी साडेतीन. एक साडेतीनच्या जितकी वर तितकीच दुसरी खाली. ते अंतर ‘ड’ धरलं तर गुणाकार होतो (३.५ + ड)(३.५ − ड), म्हणजे १२.२५ − ड². हा −१२० हवा, म्हणून ड² = १३२.२५, ड = ११.५. संख्या आल्या १५ आणि −८. यात अंदाज कुठेच नाही.

ही युक्ती नवी नाही. बेरीज आणि गुणाकार दिल्यावर निम्म्या बेरजेवरून दोन संख्या काढायची रीत जुन्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर आहे, म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. २०१९ मध्ये पो-शेन लोह या अमेरिकन गणितज्ञाने वर्गसमीकरणं शिकवण्यासाठी ती पुन्हा पुढे आणली, तेव्हा ‘नवी पद्धत सापडली’ म्हणून बराच गाजावाजा झाला. शोध जुना असला तरी शाळेत ती शिकवली जावी या त्याच्या आग्रहाशी मी शंभर टक्के सहमत आहे.

दशांश नको असतील तर सगळं दुप्पट करून बघ. ७² + ४ × १२० = ५२९, आणि ५२९ म्हणजे २३². मग (७ + २३) ÷ २ = १५ आणि (७ − २३) ÷ २ = −८. हे ५२९ म्हणजे वर्गसमीकरणाच्या धड्यात भेटणारा विवेचकच. मधल्या सहगुणकाचा वर्ग, वजा चार गुणिले पहिला गुणिले शेवटचा.

आणि इथेच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल, तर जोडी आहे. नसेल तर जोडी नाही. त्याच उदाहरणात शेवटी −१८ असता तर? ४९ + ४३२ = ४८१. २१² = ४४१, २२² = ४८४. ४८१ मधेच लटकलं. जोडी अस्तित्वातच नाही; तासभर शोधलीस तरी मिळणार नाही. पेन खाली ठेव आणि लिही: परिमेय सहगुणक असलेले अवयव पडत नाहीत. ‘मला सापडले नाहीत’ आणि ‘नाहीतच’ यांत फरक आहे, आणि हा फरक अर्ध्या मिनिटाच्या आकडेमोडीत कळतो.

पुस्तकात असं उदाहरण सहसा देत नाहीत, म्हणून मुलांचा असा समज होतो की प्रत्येक त्रिपदीचे अवयव पडतात आणि न पडणं ही आपली चूक. एकदा मोजून बघ. क्ष² + बक्ष + क यात ब आणि क च्या जागी १ ते १० मधल्या संख्या टाकल्या तर शंभर त्रिपदी तयार होतात. त्यांतल्या कितींचे पूर्णांकांत अवयव पडतात? फक्त १४. उरलेल्या ८६ चे पडत नाहीत. पुस्तकं त्या १४ मधूनच निवडून देतात. मोठे सहगुणक घेतले तर प्रमाण आणखी घसरतं.

‘पडत नाहीत’ म्हणताना कुठल्या संख्यांत, हेही सांगायला हवं. क्ष² − २ चे परिमेय संख्यांत अवयव पडत नाहीत. वास्तव संख्यांत (क्ष − √२)(क्ष + √२) पडतात. क्ष² + ४ चे वास्तव संख्यांतही पडत नाहीत. प्रश्नात काही म्हटलेलं नसेल तर परिमेय धरून चालायचं.

आता तुझा मधला प्रश्न: कुठलं सूत्र कधी. याला मी फार वेळ देत नाही, कारण हा सवयीचा भाग आहे. सगळ्या पदांत सामाईक काही असेल तर ते आधी बाहेर. १२क्ष² − २७ बघून मुलं म्हणतात की १२ पूर्ण वर्ग नाही, सूत्र लागत नाही. ३ बाहेर काढ, आत ४क्ष² − ९ उरतं, उत्तर ३(२क्ष − ३)(२क्ष + ३). पहिलं पद ऋण असेल तर −१ बाहेर काढून मगच पुढे जा. नंतर पदं मोजायची: दोन असतील तर वर्गांची वजाबाकी किंवा घन, तीन असतील तर वरची जोडी, चार असतील तर दोन-दोनचे गट. पूर्ण वर्ग त्रिपदीचं सूत्र वेगळं लक्षात ठेवायची गरज नाही. तिथे विवेचक शून्य येतो आणि जोडीतल्या दोन्ही संख्या सारख्या निघतात. घनांच्या सूत्रात एकच जागा जपायची: क्ष³ + ८ = (क्ष + २)(क्ष² − २क्ष + ४), यात मधलं पद एकपट असतं, दुप्पट नाही. दुप्पट लिहिलंस तर तो (क्ष − २) चा वर्ग होतो, आणि ही चूक वर्गात दर वर्षी होते.

सूत्रांची यादी मात्र दिसते तेवढी लांब नाही, कारण त्यांतली बरीच एकाच सूत्राची रूपं आहेत. ते सूत्र म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी. आपलीच त्रिपदी घे आणि तिला पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे २४ ने गुण. येतं १४४क्ष² + १६८क्ष − ४८०. यातले पहिले दोन तुकडे (१२क्ष + ७)² चे आहेत, फक्त ४९ जास्तीचे येतात. ते वजा केले की

(१२क्ष + ७)² − ५२९ = (१२क्ष + ७)² − २३²
= (१२क्ष − १६)(१२क्ष + ३०)

पहिल्या कंसातून ४ आणि दुसऱ्यातून ६ बाहेर काढ; ४ × ६ = २४, म्हणजे जे गुणलं होतं तेच परत निघालं. उरलं (३क्ष − ४)(२क्ष + ५). चौपटीने गुणायची ही रीत श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. नियम टिकला तो भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त तो त्यांच्या नावानिशी दिला म्हणून. अपूर्णांक टाळण्यासाठी चार घेतले आहेत, हे बारकाईने बघितलंस तर लक्षात येईल. मला हा नियम पूर्ण वर्ग करण्याच्या नेहमीच्या शालेय मांडणीपेक्षा जास्त आवडतो, कारण शेवटपर्यंत एकही छेद येत नाही.

वर्गांची वजाबाकी ओळखता येणं याचा फायदा शाळेच्या पुस्तकाबाहेरच्या उदाहरणांत कळतो. क्ष² + ४ चे अवयव पडत नाहीत, म्हणून क्ष⁴ + ४ चेही पडत नसतील असं वाटतं. ‘बेरजेचे अवयव पडत नाहीत’ असं काही जण पाठच करतात. पण त्यात ४क्ष² मिळवून लगेच वजा करून बघ:

क्ष⁴ + ४ = (क्ष⁴ + ४क्ष² + ४) − ४क्ष²
= (क्ष² + २)² − (२क्ष)²
= (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २)

हे सोफी जर्मेन (१७७६–१८३१) या फ्रेंच गणितज्ञ बाईंच्या नावाने ओळखलं जातं. क्ष च्या जागी १० टाक. डावीकडे १०००४, उजवीकडे १२२ × ८२. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव एरवी भागत बसून शोधावे लागले असते, इथे बैजिक राशीनेच ती फोडून दिली. क्ष⁴ + क्ष² + १ ला हीच युक्ती लागते: (क्ष² + १)² − क्ष², म्हणजे (क्ष² + क्ष + १)(क्ष² − क्ष + १). पुन्हा १० टाकलेस तर १०१०१ = १११ × ९१.

ही युक्ती भल्याभल्यांना चकवून गेली आहे, हे ऐकून तुला जरा बरं वाटेल. १७०२ साली लायब्निझने, कलनशास्त्राच्या दोन जनकांपैकी एकाने, असं मांडलं की क्ष⁴ + अ⁴ या राशीचे वास्तव सहगुणक असलेले द्विघाती अवयव पडूच शकत नाहीत. पडतात. २अ²क्ष² मिळवायचे आणि वजा करायचे. फक्त √२ येतो म्हणून लक्ष जात नाही. क्ष⁴ + १ = (क्ष² + √२क्ष + १)(क्ष² − √२क्ष + १). वास्तव सहगुणकांची कुठलीही बहुपदी पहिल्या आणि दुसऱ्या कोटीच्या वास्तव अवयवांत फुटते, हे गाउसने १७९९ च्या आपल्या प्रबंधात मांडलं, लायब्निझच्या विधानानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

एकदा वर्गात क्ष⁶ − ६४ दिलं होतं. एकीने ते क्ष³ आणि ८ च्या वर्गांची वजाबाकी म्हणून सोडवलं आणि चार अवयव काढले: (क्ष − २)(क्ष² + २क्ष + ४)(क्ष + २)(क्ष² − २क्ष + ४). दुसऱ्याने क्ष² आणि ४ च्या घनांची वजाबाकी घेतली, त्याला (क्ष − २)(क्ष + २)(क्ष⁴ + ४क्ष² + १६) मिळालं, आणि तिथे तो थांबला. दोघंही आपापल्या उत्तरावर ठाम. दोघांच्याही कृतीत चूक नव्हती, पण एकाच बहुपदीची पूर्ण फोड दोन वेगळ्या प्रकारे होऊ शकत नाही, जसे ६० चे मूळ अवयव कुठल्याही वाटेने गेलं तरी तेच येतात. म्हणजे दुसऱ्याचं काम अर्धं राहिलं होतं. क्ष⁴ + ४क्ष² + १६ म्हणजे (क्ष² + ४)² − ४क्ष², आणि मग तेच दोन कंस. तेव्हापासून मी सांगतो की वर्ग आणि घन दोन्ही लागू होत असतील तर वर्ग आधी. काम कमी पडतं.

तिसऱ्या कोटीच्या बहुपदीत ‘कुठली संख्या टाकून बघू’ हा तुझ्या जोडीसारखाच प्रश्न येतो, आणि तिथेही जागा आखून घेता येते. २क्ष³ + क्ष² − १३क्ष + ६ घे. अवयव सिद्धांत सांगतो की जी संख्या टाकल्यावर शून्य येतं तिचा अवयव पडतो. पण संख्या अगणित आहेत. (२क्ष − १) सारखा अवयव असेल तर त्यातला २ पहिल्या सहगुणकाला भागणार आणि १ शेवटच्या पदाला भागणार, कारण गुणाकारात पहिलं पद पहिल्यांपासून बनतं आणि शेवटचं शेवटच्यांपासून. म्हणून उमेदवार फक्त १, २, ३, ६, १/२ आणि ३/२, धन आणि ऋण धरून बारा.

बारा वेळा किंमत काढायची नाही. ० टाक: ६ येतात. १ टाक: सहगुणकांची बेरीज, २ + १ − १३ + ६ = −४. शून्याला धन, एकाला ऋण, म्हणजे मधे कुठेतरी शून्य होऊन गेलं. बारांपैकी ० आणि १ च्या मधे एकच उमेदवार आहे, १/२. टाकून बघ: १/४ + १/४ − १३/२ + ६ = ०. अवयव मिळाला, (२क्ष − १).

दुसरा अवयव दीर्घ भागाकाराशिवायही मिळतो. त्याचं पहिलं पद क्ष² असणार, कारण २क्ष ला गुणून २क्ष³ हवेत. शेवटचं −६, कारण −१ ला गुणून ६ हवेत. मधला सहगुणक ‘म’ धर. क्ष² ची पदं जमव: २म − १ = १, म्हणून म = १. म्हणजे (२क्ष − १)(क्ष² + क्ष − ६), आणि शेवटी (२क्ष − १)(क्ष + ३)(क्ष − २). संश्लेषक भागाकार येत असेल तर तो कर, पण तिथे १/२ ने भागल्यावर (क्ष − १/२) हा अवयव घेतला जातो आणि उरलेल्या भागात सगळे सहगुणक दुप्पट राहतात. तो २ परत कंसात द्यायला मुलं विसरतात.

हाच २ आणखी एका प्रकारे हरवतो. अवयव पाडा असं विचारलेलं असताना मुलं शेवटी ‘क्ष = २ किंवा क्ष = −३’ लिहून मोकळी होतात. बरोबरीचं चिन्ह आणि शून्य प्रश्नात नव्हतं, ते यांनी घरून आणलं. समीकरण असेल तर दोन्ही बाजूंना २ ने भागून तो टाकून देता येतो. नुसत्या राशीत तो २ उत्तराचा भाग आहे. याच्या उलट चूकही होते. (क्ष − २)(क्ष + ३) = ६ दिसलं की कोणीतरी क्ष − २ = ६ लिहितं. गुणाकार शून्य असेल तरच एक कंस शून्य असावा लागतो. गुणाकार सहा असेल तर कंस काहीही असू शकतात. कंस सोडव, ६ डावीकडे घे, क्ष² + क्ष − १२ चे अवयव पाड, ३ आणि −४ मिळतील.

उत्तर तपासायला मागचं पान लागत नाही. क्ष = १० टाक. ६क्ष² + ७क्ष − २० ची किंमत ६०० + ७० − २० = ६५०. तुझे कंस: ३० − ४ = २६ आणि २० + ५ = २५. २६ × २५ = ६५०. जुळलं. दहा सोयीचे, कारण आकडेमोड जवळजवळ तोंडी होते. एकाच किमतीला जुळणं हा काटेकोर पुरावा नाही, पण चिन्हाची चूक यात जवळपास नेहमी पकडली जाते. परीक्षेत मी स्वतः एवढंच करेन.

फोन क्षणात अवयव पाडून देतो, मग हे हाताने कशाला, असं तू विचारलं नाहीस, पण दरवर्षी कोणीतरी विचारतं. खरंय, देतो. संख्यांचे अवयव पाडणं संगणकाला जड जातं, इतकं की कुलूपबंद संदेशांची सुरक्षितता त्यावर उभी आहे. बहुपदींचे पाडणं मात्र त्याला सोपं जातं, आणि १९८२ मध्ये दोन लेन्स्ट्रा बंधू आणि लोवाझ यांनी परिमेय सहगुणकांसाठी झपाट्याने चालणारी रीतही दिली. पुढे अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देताना किंवा सीमा काढताना अर्ध्या ओळीत अवयव ‘दिसावे’ लागतात. तिथे दर ओळीला फोन काढलास तर मूळ गणिताचा धागा सुटतो.

एक उदाहरण देऊन ठेवतो, विवेचकावर फार विसंबू नये म्हणून. क्ष⁴ − ७क्ष² + १ चे अवयव पाड. क्ष² ला एक अक्षर मानून विवेचक काढलास तर ४९ − ४ = ४५ येतो, पूर्ण वर्ग नाही. १ आणि −१ टाकून बघितलंस तरी शून्य येत नाही. तरीही पूर्णांक सहगुणकांचे दोन अवयव पडतात. अडलीस तर क्ष = १० टाक: ९३०१ येतात, आणि ९३०१ = १३१ × ७१.